दुखणे हे कर्माचे फळ नव्हे

निघोजे येथील आमच्या वस्तीच्या विहारात वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. शिक्षिका म्हणून ते काम बहुधा माझ्याकडे येते. गेल्या वर्षी कर्मासंबंधीचा भाग वाचून झाल्यावर पुढे बसलेल्या एका आजींनी विचारले, “बाई, मागच्या जन्माचं काही नसतं म्हणता, मग तुमच्या वाट्याला हे का आलं?” प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, कळकळच होती. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे.

लग्नानंतर नऊ वर्षे मला मूल झाले नाही. ओटीपोटात दुखे, पाळी अनियमित येई, अंगात बारीक ताप असे. सासरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, बावीस प्रतिज्ञा सर्वांना पाठ होत्या. तरीही माझ्यासाठी गुपचूप अंगारा आणला गेला. “भोग आहेत, भोगूनच संपायचे,” असे सांगितले गेले. मी घरातील पहिली पदवीधर. पण लाजेपोटी मीसुद्धा डॉक्टरांना अर्धेच सांगत राहिले, आणि तेही दुखणे थांबवण्याच्या गोळ्या देत राहिले. पुढे घरात दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली, तेव्हा मी वेगळी खोली घेतली. नवव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान झाले: गर्भाशयाचा क्षय.

क्षय केवळ फुप्फुसांचा नसतो. त्याचे जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत व गर्भाशयापर्यंत पोचतात आणि वर्षानुवर्षे तेथे दबून राहू शकतात. खोकला नसतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. थुंकी तपासून काही सापडत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली जगाला दाखवून दिला. त्याची औषधे आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि उपचार साधारण सहा महिने चालतो. मात्र उशीर झाला तर खराब झालेल्या नलिका औषधाने पूर्ववत होतीलच असे नाही. माझा रोग बरा झाला. गेलेली वर्षे परत आली नाहीत.

आता प्रश्न असा की, हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानले असते तर काय बिघडले असते? निदान मनाला समाधान तरी मिळाले असते, असे काही जण म्हणतील. ते समाधान मी नऊ वर्षे घेतले आहे. त्याने दुःख सुसह्य झाले हे खरे. पण म्हणूनच तपासणी लांबली. जे भोगायचेच आहे त्यावर औषध कोण शोधतो? मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे सांगितली आणि सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात हे मत चुकीचे ठरवले. बाबासाहेबांनी तर पुढे जाऊन दाखवले की पूर्वकर्माच्या सिद्धांतामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला झटकता येते. जे वस्तीबाबत खरे, ते घरातील सुनेबाबतही खरे आहे.

थेरीगाथेतील इसिदासीला एकामागून एक तीन पतींनी टाकले. तिने धम्मात आश्रय घेतला व ती थेरी झाली. मात्र आपल्या दुःखाचे कारण ती मागील जन्मांच्या पापात शोधते. तिच्या धैर्यापुढे मी नतमस्तक होते. तिचे स्पष्टीकरण मात्र मला मान्य नाही. टाकणाऱ्यांना कोणी जाब विचारू नये काय?

मला अधिक जवळची वाटते ती त्या आजारी भिक्खूची गोष्ट. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करीत नाहीत असे तथागतांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला की, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही. तथागतांनी त्याचे पूर्वजन्म विचारले नाहीत. त्यांनी आनंदाकडून पाणी मागवले आणि दोघांनी त्याला न्हाऊ घातले. मूल न होणाऱ्या बाईची अवस्था या भिक्खूहून वेगळी नसते. ती ‘उपयोगाची’ राहिलेली नसते.

मला बळ मिळाले ते येथे. माझी किंमत माझ्या कुशीवर ठरत नाही, हे एकदा मनोमन पटल्यावर मी औषधाचा एकही दिवस चुकवला नाही. दुसऱ्या लग्नाची भाषा करणाऱ्यांना मी शांतपणे सांगितले की, 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, मूल नसणे हे त्यात घटस्फोटाचे कारण नाही आणि पहिले लग्न कायम असता दुसरे करणे हा गुन्हा आहे. पती अलीकडे विहारात येऊन बसतात. आमचा प्रश्न सुटला आहे असे मी म्हणणार नाही. पण आता आम्ही त्याविषयी बोलतो, आणि त्यात ‘भोग’ हा शब्द येत नाही.

तेव्हा आजी, माझे उत्तर असे: दुखणे जंतूंमुळे आले, आणि उशीर आपल्या सर्वांच्या कर्माने झाला. हे कर्म याच जन्मातले आहे, म्हणूनच ते बदलता येते. वस्तीतील एखादी सून पोट धरून बसलेली दिसली, तर तिला अंगारा देऊ नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि तिच्या नवऱ्यालाही तपासणीसाठी सोबत घ्या.