एलपीटी-१च्या नावाने

डॉसच्या काळात लिहिलेला बिलांचा प्रोग्रॅम आजही एलपीटी-१ या नावानेच छापतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून हे नाव संगणकाच्या मागच्या समांतर पोर्टचे. आताच्या बहुतेक संगणकांना ते पोर्टच नसते. विंडोजमध्ये ‘नेट यूज’ची एक आज्ञा देऊन ठेवली, की त्या नावाने निघालेली अक्षरे वाटेतच उचलली जातात आणि कार्यालयात सगळ्यांत मिळून असलेल्या नेटवर्क प्रिंटरकडे वळवली जातात. ६४ बिटी विंडोजवर तर असा प्रोग्रॅम थेट चालतही नाही. जुन्या यंत्राचे सोंग घेणारा दुसरा प्रोग्रॅम लागतो, म्हणजे पोर्टही सोंगातलेच. कागद मात्र निघतो. मग ज्याचे नाव घेतले ते जागेवर नसताना त्याच्या नावाने झालेले कर्म खरे मानायचे की खोटे?

जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा आहे, ती इथे फार उपयोगी पडते. यज्ञाला व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे आणि तो मिळत नाही, म्हणून कर्म सोडायचे नाही. नीवार हा रानभात घ्यायचा. मंत्रात मात्र व्रीहीचेच नाव राहते, कारण नीवार तिथे स्वतःच्या हक्काने आलेला नसतो, व्रीहीच्या जागी बसलेला असतो. याज्ञिकाला हे खोटे बोलणे वाटत नाही. पुढचा नियम आणखी मार्मिक आहे: नीवारही संपले, तर मूळ व्रीहीशी जुळणारे द्रव्य शोधायचे, नीवाराशी जुळणारे नव्हे. कार्यालयात नेमके उलटे होते. प्रिंटर बदलताना कालच्या प्रिंटरसारखा आणतात. प्रोग्रॅम ज्या डॉट मॅट्रिक्ससाठी लिहिला होता, त्याची आठवण कोणालाच नसते.

पण याच चर्चेत प्रतिनिधीला मर्यादाही घातली आहे. द्रव्य बदलता येते. देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना प्रतिनिधी नाही. छपाईत पोर्ट हे द्रव्याच्या जागी आहे, ते खुशाल बदलावे. प्रोग्रॅम अक्षरांच्या मध्ये पेरतो त्या आज्ञा मात्र मंत्राच्या जागी आहेत. एस्केप आणि त्यामागे मोठा ई, एवढ्याने एप्सनचा प्रिंटर ठळक अक्षरे काढू लागतो. हीच जोडी एचपीच्या पीसीएल भाषेत प्रिंटरला मूळ स्थितीत आणते, आधीची सगळी मांडणी पुसून. एकाही अक्षराचा फरक न करता पोचलेला संदेश असा भलताच अर्थ घेऊ शकतो. आजच्या पुष्कळ स्वस्त प्रिंटरना तर नुसती अक्षरे दिली तरी कळत नाहीत. त्यांना पानाचे तयार चित्र लागते. अशा ठिकाणी मध्ये एप्सनची भाषा जाणणारा आणि तिचे चित्र करून देणारा प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो आज्ञा बदलत नाही, तिचे पालन करवतो. म्हणून प्रतिनिधी नेमणे म्हणजे वाट वळवणे एवढेच नव्हे.

यावर आक्षेप येईल की हा सगळा भ्रमच आहे. प्रोग्रॅम नसलेल्या पोर्टला असलेले समजतो, आणि भ्रमातून यथार्थ काम कसे होईल? बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने रत्नाच्या प्रभेला रत्न समजून धावणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. दिव्याच्या प्रभेला रत्न समजणाराही तितकाच चुकलेला असतो, पण रत्न मिळते ते पहिल्याला. दोघांचे ज्ञान चुकीचे. फरक पडतो तो ज्ञानाच्या विषयामागे काय आहे याने. एलपीटी-१ हे नाव चालते ते प्रोग्रॅमच्या समजुतीमुळे नव्हे, तर त्या नावामागे कोणीतरी खरा प्रिंटर उभा केल्यामुळे. दुसरा आक्षेप असा, की मीमांसेचे नियम अदृष्ट फळाच्या कर्मांसाठी आहेत, बिलाचे फळ तर डोळ्यांना दिसते. खरे आहे. पण फळ दिसते म्हणून प्रतिनिधीची परीक्षा सोपी होते, अनावश्यक होत नाही.

माझ्या मते खोटेपणा शिरतो तो नावात नाही, उत्तरात. जुन्या समांतर पोर्टवर प्रिंटर परत बोलत असे: कागद संपला, अजून कामात आहे, मिळाले. आता ते उत्तर प्रिंटर देत नाही, छपाईची कामे रांगेत लावणारा स्पूलर देतो, आणि तो अक्षरे हाती येताच ‘मिळाले’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या बाजूने ते खरेच असते. पण प्रोग्रॅम त्याचा अर्थ ‘छापले’ असा घेतो, बिलाचा क्रमांक पुढे सरकवतो आणि नोंद पक्की करतो. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमधला कागद संपलेला असू शकतो, किंवा आधी दुसऱ्या कोणाची शंभर पाने निघत असतात. नीवार वापरणाऱ्या याज्ञिकाला आपण काय बदलले हे ठाऊक असते, आणि कर्म पुरे झाले का हेही तोच पाहतो. इथे बदल करणारा आज्ञा लिहून निघून जातो. कागद खरोखर आला का हे पाहण्याचे जे काम पोर्ट करत होते, ते आता गल्ल्यावरच्या माणसाच्या गळ्यात पडते, आणि ते आपल्याकडे आले आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.