‘होतंच’ हे उत्तर नव्हे

रजिस्टर मिटव आणि समोर बस. बाळाचं वजन लिहिलंस, लसीचा तिसरा डोस लिहिलास, अक्षरही सुरेख आहे. आता सांग, मघाशी त्या बाळंतिणीला खोकला आला तेव्हा तिनं काय केलं? नाही सांगता येणार, कारण तू वजनकाट्याकडे बघत होतीस. तिनं भिंत धरली आणि मांडीला मांडी घट्ट आवळली. दोरीवर बाळाच्या लंगोटांमागे लपवून लुगड्याच्या चिंध्या वाळत घातल्या होत्या. साडेतीन महिने झाले बाळंतपणाला. कशाला लागतात रोज एवढ्या चिंध्या?

बरं, ती बिचारी बोलली तरी. ‘सिस्टर, खाली जड जड वाटतंय.’ त्यावर तू काय म्हणालीस? ‘बाळंतपणानंतर होतंच.’ हे कुठल्या तासाला शिकवलं होतं मी तुला?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय तिच्यावर तोललेले. बाळ उतरताना ती प्रचंड ताणते. बऱ्याच जणींची हळूहळू सावरते. ज्यांची सावरत नाही त्यांना खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते. कुणाला वारा आवरत नाही, कुणाला शौच. दिवस कलेल तसा जडपणा वाढतो, धुताना हाताला गोळा लागतो. ‘अंग बाहेर येतं’ म्हणतात आपल्या बायका. संबंधाच्या वेळी दुखतं हे तर कुणी उच्चारतही नाही. सासू पुढ्यात बसलेली असताना ती तुला यातलं काय सांगणार? सासूला पाणी आणायला धाडायचं आणि एकेक गोष्ट नाव घेऊन विचारायची, हे किती वेळा घोकून घेतलं होतं!

आणि तू नोकरी कुठे करतेस? बीड जिल्ह्यात. दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर, ऊसतोडीला जाणार. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस पडून राहिली तर खाडा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढायचं. फडात आडोसा नाही म्हणून लघवी दाबून धरायची. मग दुखणं वाढलं की कुणीतरी सांगणार, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ 2019 साली पिशव्या काढण्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी आपल्या जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींना आधी ‘होतंच’ ऐकावं लागलं असेल, याचा विचार कर आज रात्री.

पिशवी काढून झोळी घट्ट होत नाही. सुटणारी लघवी सुटतच राहते, पुढे योनीचा वरचा भाग खाली उतरण्याची भीती वेगळीच. बीजकोषही काढले असतील तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती आणि हाडं ठिसूळ.

या झोळीचा व्यायाम शिकवला असतास तर पाच मिनिटं लागली असती. वारा अडवताना आवळतो तसं आवळून आत-वर ओढायचं, पाच आकडे धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करता करता अडवून सराव करायचा नाही, हेही सांगायचं.

तीन महिन्यांनंतरही लघवी सुटतेय, शौच आवरत नाही, गोळा हाताला लागतोय, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, बीडचं जिल्हा रुग्णालय आहे. कुणाला आधाराची रिंग पुरते, कुणाला शस्त्रक्रिया लागते. पण ती ठरते तपासणीनंतर. आणि लघवी तुंबली, ताप आला, घाण वासाचं पाणी जातंय, रक्त फार जातंय, किंवा अंगावरून लघवी नाहीतर शौच सारखं झिरपतंय, तर त्याच दिवशी. उद्यावर ढकलायचं नाही.

‘मॅडम, वेळच मिळत नाही’ हे मला ऐकवू नकोस. चहाला वेळ मिळाला होता.

डोळे पूस. चिठ्ठीवर तिची लक्षणं नीट लिही, नुसतं ‘अशक्तपणा’ लिहून मोकळी होऊ नकोस. दसऱ्याला अजून दीड महिना आहे. चल, तिच्या घरी परत जाऊ. सासूबाईंशी मी ओट्यावर बोलत बसते. तू आत जा, दार लोटून घे आणि विचार.