वाघाचे रान, कोरकूंचे घर

निसर्गाचे रक्षण आणि गरिबाला न्याय ही दोन वचने एकाच तोंडून देता येतात काय, हा प्रश्न युरोपातील हरित पक्षांना जन्मापासून पडलेला आहे. १९८० साली पश्चिम जर्मनीत असा पक्ष स्थापन झाला, तेव्हा पर्यावरण, सामाजिक न्याय, तळागाळाची लोकशाही आणि अहिंसा ही चार तत्त्वे त्याने स्वीकारली. कागदावर ही चारही भावंडे गुण्यागोविंदाने नांदतात. सत्ता हाती आली की वाटण्या सुरू होतात. जानेवारी २०२३ मध्ये ल्युत्सेराथ हे खेडे कोळशाच्या खाणीसाठी रिकामे करण्यात आले, तेव्हा हरित पक्षाचे मंत्रीच सत्तेत होते. त्या भागातील कोळसा २०३८ ऐवजी २०३० साली बंद होणार, त्या बदल्यात एक खेडे जाऊ द्यावे, असा तो हिशेब.

आमच्या वऱ्हाडात हरित नावाचा पक्ष रुजलेला नाही. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी चळवळ म्हणजे ‘हरित वसई’. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले, हे या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. तेथे बागायत राखू पाहणारा आणि बागायतीवर जगणारा माणूस बहुधा एकच होता. मेळघाटात तसे नाही. वाघ राखावा असे म्हणणारे बहुतेक आम्ही मैदानातले, आणि त्यासाठी घर सोडणारे डोंगरातले कोरकू.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातले मेळघाट हे एकच होते. नव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली. पुढे सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी आदी गावांची कुटुंबे खाली अकोट-तेल्हारा भागात आली. जाणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून दहा लाख रुपये देऊ करण्यात आले. २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाख झाली.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. गावे उठली तेथे कुरणे वाढली, हरणे आली, मागोमाग वाघही आला. शिवाय सगळ्यांना ओढून नेले असेही नव्हे. दवाखाना, शाळा, बारमाही रस्ता यांसाठी स्वतःहून निघू इच्छिणारी कुटुंबे होती, आणि त्यांना रानातच राहा असे शहरात बसून सांगणे हाही एक उद्दामपणाच. परंतु जानेवारी २०१९ मध्ये खाली आलेल्यांपैकी अनेकजण पुन्हा जंगलात परतले. कबूल केलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांची चकमक झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. त्या वनरक्षकांतही गरिबांचीच मुले होती, हे विसरता कामा नये.

बायबलातील नाबोथाची गोष्ट आम्ही सहसा खुनाची गोष्ट म्हणून वाचतो. तिचा आरंभ मात्र एका रीतसर व्यवहाराने होतो. अहाब राजा द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो, म्हणजे आजच्या भाषेत पुनर्वसनाचे पॅकेजच. नाबोथ नकार देतो, कारण मळा वडिलार्जित आहे. अहाबाला भाजीचा मळा हवा होता, येथे वाघासारखे दुर्मिळ जनावर वाचवायचे आहे, हा फरक मोठाच आहे. पण हेतू थोर असला म्हणून नाही म्हणण्याचा हक्क नाहीसा होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मान्य केला आहे: आधी हक्कांची नोंद, मग ग्रामसभेची मोकळी व माहितीपूर्ण संमती, आणि त्यानंतरच स्थलांतर. ज्या गावात वर्षानुवर्षे शिक्षक टिकत नाही, रस्ता होत नाही, तेथील होकार कितपत मोकळा? उपेक्षेने थकवून मिळवलेली संमती आम्हांस संमती वाटत नाही.

आणखी एक हिशेब आहे, तो क्वचित मांडला जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा वऱ्हाडवासीयांना ठाऊक आहे: विहीर खोदावी तर पाणी खारट. त्या पट्ट्यातील कितीतरी गावांना वाण आणि शहानूर या धरणांचे गोडे पाणी मिळते, आणि या दोन्ही नद्या मेळघाटच्या डोंगरांतून उतरतात. म्हणजे त्या रानाचा लाभ वाघ पाहावयास येणाऱ्या पर्यटकाहून आधी खारपाणपट्ट्यातील घराघरांतल्या माठाला आहे. पंधरा लाखांचा आकडा ऐकून ‘पुष्कळ दिले’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्या माठातले पाणी त्यात धरलेले नसते. कुटुंबाने जमीन, मोहाची झाडे, नदीतली मासळी, पूर्वजांच्या मृत्यूची ठिकाणे, सारे एकदाच विकायचे. आणि पाणी आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहायचे. एवढ्या असमान व्यवहाराला दान म्हणण्याची आपली सवय काही केल्या जात नाही.

परतवाड्याकडील पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेले रान लोकांनी राखले, झाडे लावली. तेथील सीताफळे आता ग्रामसभा विकते आणि पैसा गावात राहतो. ते रान व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात नाही, त्यामुळे हाच कित्ता केलपाणीला जसाच्या तसा गिरवता आला असता असे म्हणता येणार नाही. तेथे कोणती झाडे ठेवायची आणि चराई कोठे थांबवायची, हे मात्र गावाने बसून ठरवले.