शाल नको, मानधन द्या

दर वर्षी ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. २०२० मध्ये राज्याच्या कृषी विभागाने त्यांना सरकारी उपक्रमाचे रूप दिले. मनमाडशेजारच्या मालेगावचे दादा भुसे तेव्हा कृषिमंत्री होते. टेबलांवर करटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळा मांडलेले असतात. भाजी ओळखायची कशी, निवडायची कशी, शिजवायची कशी, हे मागे उभ्या असलेल्या बायका सांगत असतात. भाषण मात्र पुष्कळदा दुसराच कुणी करतो. मानधनाचे पाकीट त्याला मिळते आणि बायकांना शाल-श्रीफळ. या वाटणीला आपण सन्मान म्हणतो.

मनमाडकर म्हणेल, आम्हाला याचे काय? आमच्याकडे अन्न महामंडळाची धान्यकोठारे आहेत, जंगल नाही. पण रानभाजीला घनदाट रान लागतेच असे नाही. पहिला पाऊस पडला की आपल्याच बांधांवर तरोटा उगवतो, शेतात घोळ, पाथरी, तांदुळजा येतो, कुंपणावर करटोलीचा वेल चढतो. ही झाडे ओळखणारी पिढी मात्र सरत चालली आहे. कांद्याच्या शेतात आज या सगळ्यांचे नाव एकच, तण. आणि त्यावर उपाय एकच, फवारणी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या कोकणा, महादेव कोळी, वारली घरांत अजून जिवंत असलेली विद्या आपण एका पिढीत गमावली, आणि तिची आठवण निघते ती महोत्सवाच्या दिवशी.

ती गमावण्यामागे तणनाशकाइतकाच तिरस्कारही आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीच्या जोडीला पाल्यावर दिवस काढलेल्या माणसांनी पुढे तरोट्याकडे पाठ फिरवली, हे समजू शकते. उपासमारीची चव कुणालाच पुन्हा नको असते. पण ज्यांना त्या दुष्काळाची झळ लागलीच नाही, त्यांनीही या भाज्यांना गरिबाचे, खालच्या जातीचे खाणे ठरवले. हा चवीचा प्रश्न नव्हता. पान कोणते यापेक्षा ते खुडणारा हात कुणाचा, हे आपण पाहत होतो. आता कोपनहेगनच्या ‘नोमा’सारख्या उपाहारगृहांनी रानातला पाला जगातल्या महागड्या ताटांत नेला, तेव्हा आपल्याकडेही तो प्रतिष्ठित झाला. पान तेच आहे. वाढणाऱ्याचा दर्जा बदलला.

या भाज्यांना हिणवणाऱ्या घरांतच वर्षातून एक दिवस नांगराविना उगवलेले अन्न पवित्र होते. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाविना आलेल्या पालेभाज्या आणि कंदांची भाजी शिजते. भाजी उत्तमच असते. पण त्या व्रताची कथा काय सांगते? मासिक पाळीच्या काळात झालेल्या ‘विटाळा’च्या दोषाचे प्रायश्चित्त स्त्रीने घ्यावे. शरीराच्या एका नैसर्गिक क्रियेबद्दल अपराधी वाटून घ्यायचे आणि त्या अपराधाच्या ताटात रानातले अन्न वाढायचे! काही जण म्हणतात, या व्रतानेच तर या भाज्या टिकवल्या. काही अंशी खरे असेल. मग भाजी ठेवा, दोषाची कथा टाका. अन्नाला पावित्र्य देण्यासाठी स्त्रीला अपवित्र ठरवण्याची गरज नाही.

तिरस्काराच्या दुसऱ्या टोकाला भक्ती आहे, आणि तीही तितकीच आंधळी आहे. रानभाज्यांच्या स्टॉलवर फलक लागतात: ही मधुमेहावर, ती मूळव्याधीवर, तिसरी थेट कर्करोगावर. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही,’ हे वाक्य तर मंत्रासारखे म्हटले जाते. कळलावीचा कंदही नैसर्गिकच आहे; खाण्याचा कंद समजून तो पोटात गेला तर त्यातले कोल्चिसिन जीव घेऊ शकते. टाकळ्याची पाने टोकाशी गोलसर असतात, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याची टोकदार. आणि कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुले दगावल्याचे भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. घोळीत ऑक्सलेट भरपूर असते, म्हणून मुतखड्याच्या रुग्णाने ती जपून खावी. रुळांच्या कडेला किंवा गटाराच्या काठावर उगवलेला तांदुळजा कितीही हिरवागार दिसला, तरी त्याने मुळांतून काय शोषले हे डोळ्यांना दिसत नाही. रानभाजी हे सकस अन्न आहे, आणि तेवढी थोरवी तिला पुरे आहे.

कुणी विचारील, हजारो वर्षांच्या ज्ञानाची तपासणी करणारे तुम्ही कोण? पण हे ज्ञान तपासणीतूनच तर उभे राहिले आहे. कच्च्या शेवळ्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो. म्हणून ते काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून शिजवतात. कडू करांद्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून पुन्हा पुन्हा धुतात. कोणत्या महिन्यात पान कोवळे, कोणत्या महिन्यात जून, किती खुडायचे आणि वेल पुढच्या वर्षी यावा म्हणून किती राखायचे, हे कुणाच्या स्वप्नात सांगितले गेलेले नाही. पाहणे, करून बघणे, चुकणे, लक्षात ठेवणे, पुढच्या पिढीला सांगणे: विज्ञानाचा पाया याच सवयींवर उभा आहे. या ज्ञानाला गूढ म्हणून हात जोडणारा माणूस ते घडवणाऱ्यांची बुद्धीच नाकारतो.

मग या शिक्षिकांना मोबदला का नाही? ‘त्या शिकलेल्या नाहीत,’ असे उत्तर येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण एका राहीबाईंचा गौरव केला म्हणून बाकीच्यांचे देणे फिटत नाही. ‘पैसे आले की ज्ञानाचा बाजार होईल,’ हे दुसरे उत्तर. बाजार आधीच झाला आहे. शहरातून माणसे शुल्क भरून रानफेरीला येतात, वाट दाखवणारी गावची बाई मात्र रोजंदारीवर येते, आणि तिच्याकडच्या भाजीच्या वाट्यावरही दहा रुपयांची घासाघीस होते. कायदा याबाबत आपल्यापेक्षा पुढे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने पारंपरिक ज्ञानाच्या लाभात वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क. मागे आहे ती आपली दानत.

मनमाडला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच गावात जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बजावले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, हेही त्यांनी स्पष्ट केले. गुण असूनही अस्पृश्य कामगाराला गँगमनच्या पलीकडे जाऊ दिले जात नाही, ही त्या काळची तक्रार होती. रानभाजी शिकवणाऱ्या बाईचे आज तेच होते आहे. तिची विद्या वापरायची, पण तिला मजूर किंवा शोभेची पाहुणी यापलीकडे जागा द्यायची नाही.

उपाय अवघड नाही आणि त्यासाठी मंत्र्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. मनमाडच्या शाळा-महाविद्यालयांनी पावसाळ्याच्या तोंडावर एवढा ठराव करावा: रानभाजी शिकवायला येणाऱ्या बाईचे नाव पत्रिकेवर प्रमुख वक्ता म्हणून छापले जाईल; वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिच्या शेजारी बसतील आणि दोघांनाही विद्यार्थी सारखेच प्रश्न विचारतील; वार्षिक स्नेहसंमेलनाच्या पाहुण्याला दिले जाते तेवढेच मानधन, प्रवासखर्चासह, तिला त्याच दिवशी मिळेल. हा ठराव ज्यांना जड वाटेल, त्यांनी निदान महोत्सवाच्या फलकावरून ‘सन्मान’ हा शब्द काढून टाकावा.