लाखात एक

काउंटर-स्ट्राइक या खेळातली एक बंदूक दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेल्याची बातमी जून २०२४ मध्ये आली होती. बंदूक पडद्यावरची. ती हातात धरता येत नाही, भिंतीवर टांगता येत नाही, आणि तिची गोळी खेळातल्या कुठल्याही साध्या एके-४७ च्या गोळीपेक्षा कणभरही जास्त लागत नाही. वेगळे आहे ते तिचे कातडे. खेळणारे त्याला ‘स्किन’ म्हणतात, आणि या विशिष्ट स्किनचे नाव ‘केस हार्डन्ड’. या जातीच्या बहुतेक बंदुकांवर सोनेरी, जांभळट, राखी डागांमध्ये निळा रंग कुठेकुठे शिंपडलेला दिसतो. त्या बंदुकीचा वरचा भाग मात्र जवळजवळ सगळा निळा होता. तिच्यावर २०१४ च्या कातोवित्से स्पर्धेचे चार स्टिकरही होते आणि त्यांचा भाव वेगळा. पण मूळ मोल निळ्याचे.

हे मला माझ्या भाच्याने सांगितले. “त्यात एवढे काय?” असे विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, “मामा, ती सहाशे एकसष्ट आहे.” एखाद्याचे गोत्र सांगावे तसे.

६६१ हा त्या नक्षीचा बीजांक. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने खेळात स्किन आणल्या, तेव्हा प्रत्येक बंदूक वेगळी रंगवायला चित्रकार बसवले नव्हते. केस हार्डन्डसाठी डागांचे एकच मोठे चित्र आहे. बंदूक पेटीतून निघते त्या क्षणी यंत्र हजारभर आकड्यांतला एक उचलते आणि त्या आकड्याप्रमाणे ते चित्र सरकवून, फिरवून बंदुकीवर गुंडाळते. शिंप्याने एकाच ताग्यातून हजार सदरे बेतावेत आणि एखाद्या सदऱ्याच्या छातीवर नेमके मोराचे डोके यावे, तसा हा प्रकार. एके-४७ वर ६६१ आला की निळा वर येतो. तोच ६६१ करंबिट या वाकड्या सुरीवर आला तर त्याला कोणी विचारत नाही. तिथे मान ३८७ चा. संग्राहक या निळ्या नगांना ‘ब्लू जेम’ म्हणतात, म्हणजे नीलमणी. (आपल्याकडे नीलम घ्यायचा तर लोक आधी पत्रिका काढतात. तेवढी सावधगिरी इथेही बरी.)

पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे चीनमधल्या कायद्यामुळे २०१७ मध्ये तिथल्या वितरकाला जाहीर करावे लागले. तेच प्रमाण सगळीकडे धरले, तर जुन्या पहिल्या पेटीतून केस हार्डन्ड एके-४७ मिळण्याची शक्यता साधारण शंभरात एक-दोन, आणि तिच्यावर ६६१ असण्याची हजारात एक. गुणाकार केला की लाखात एक-दोन. आपण कौतुकाने ‘लाखात एक’ म्हणतो ते इथे जवळजवळ अक्षरशः.

पण मग ६६२ चे काय? ६६२ देखील लाखात तेवढीच. ४१७ देखील. कुणाच्या तरी खात्यात पडून असलेली, मातकट डागांची, कुणी दुसऱ्यांदा न पाहिलेली बंदूक त्या नीलमण्याइतकीच दुर्मिळ आहे. यंत्राला निळा माहीत नाही, ते फक्त आकडा टाकते. म्हणजे दुर्मिळपणामुळे किंमत येते, हे आपण सहज म्हणतो त्यात काहीतरी सुटते आहे. दुर्मिळ तर सगळेच आहेत. माणसाच्या डोळ्याने हजारांतून एक गट बाजूला काढला, त्याला नाव दिले, आणि त्या गटात थोडेच आहेत हे नंतर मोजले. नाव आधी, दुर्मिळपणा मागाहून. संग्राहकांत ‘प्लेसाइड’ म्हणून एक शब्द आहे: बंदुकीची जी बाजू खेळताना स्वतः खेळणाऱ्याला दिसते ती. निळा त्या बाजूला असेल तर भाव चढतो. लोक समजतात हा सगळा दुसऱ्यांपुढे मिरवण्याचा सोस. पण मिरवण्याबरोबर स्वतःच्या डोळ्यांसमोर ते निळे असावे याचेही पैसे मोजले जातात. मला हे त्या व्यवहारातले सर्वांत माणसासारखे वाटते.

केस हार्डनिंग ही खरी प्रक्रिया आहे. मऊ लोखंडाचे भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात गाडून, बंद पेटीत तापवून, लाल असतानाच पाण्यात सोडतात. वरच्या थरात कार्बन मुरतो, तो थर कठीण होतो, आतले लोखंड चिवट राहते. पाण्यात पडताना पृष्ठभागावर निळे, जांभळे, गवती रंग उमटतात. कोल्ट आणि विंचेस्टरच्या जुन्या बंदुकांवर ते दिसतात. रंग हे मुळात उपउत्पादन. पुढे लोकांना तेच आवडू लागले. हा रंग हाताळण्याने, उन्हाने विटतो. आपल्या लोहाराच्या भाषेत याला जवळचा शब्द आहे: हत्याराला ‘पाणी’ देणे. माणसाचेही पाणी जोखतात. दक्षिण भारतातल्या मुशीतल्या पोलादाचे, ज्याला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत, तेच. त्याच्या पात्यावरच्या लाटा जाणकार वाचत, कारण लाटा आतल्या पोलादाबद्दल काही सांगत होत्या. नक्षी म्हणजे साक्ष होती.

पडद्यावरची नक्षी कशाचीच साक्ष नाही. तिथे झीजही जन्मजात असते. प्रत्येक स्किनला शून्य ते एकच्या दरम्यान झिजेचा एक आकडा निघतानाच चिकटतो आणि कायम राहतो. हजार सामने खेळा, चरा उमटणार नाही. आणि ‘बॅटल-स्कार्ड’ नावाची खरवडलेली बंदूक पेटीतून कोरी बाहेर येते तीच खरवडलेली, एकही लढाई न पाहता.

इथे थांबून खेळणाऱ्यांना हसता आले असते. पण मग दक्षिणावर्ती शंखाचे काय करायचे? हिंदी महासागरातल्या त्या जातीचे बहुतेक सगळे शंख एकाच दिशेने वळतात, आणि क्वचित एखादा उलटा निघतो. त्या शंखाने काही तप केलेले नसते. तोही जन्माच्या वेळी पडलेला फासाच. आपण त्याच्या वळणात प्रदक्षिणेची दिशा पाहिली, देव्हाऱ्यात ठेवला, आणि भाव वाढला. गंमत म्हणजे ज्याला आपण उजवा म्हणतो त्याला प्राणिशास्त्रज्ञ डावा म्हणतात, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक भलतीच जात मुळातच त्या दिशेने वळत असल्याने तिचे शंख इथे ‘दक्षिणावर्ती’ म्हणून खपवले जातात. तेव्हा निव्वळ योगायोगाच्या पाया पडणे हे नव्या पिढीचे खूळ नाही. फरक एवढाच की समुद्र शंख विकत नाही.

स्किनचा समुद्र विकतो. पेटी उघडायची किल्ली अडीच डॉलरच्या आसपास, आणि सर्वांत मौल्यवान वस्तू, म्हणजे सुरी किंवा हातमोजे, निघण्याची शक्यता ०.२६ टक्के. उघडताना चक्र फिरते, सुरी अगदी जवळून सरकून जाते. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले आणि मला ते योग्य वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने एक नियम बदलला, पाच लाल वस्तू देऊन सुरी मिळवता येऊ लागली, आणि सुऱ्यांचे भाव एका रात्रीत कोसळले. टंचाई कुणाच्या तरी हातातला नळ आहे, हे तेव्हा पुष्कळांना कळले.

पण माझ्या मते या विषयातला खरा पेच वेगळ्याच ठिकाणी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केले की दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती चोरांच्या हाती जातात. चोर वस्तू लगेच पुढे विकतो, आणि कळेपर्यंत ती एखाद्या निरपराध गिऱ्हाइकाकडे पोचलेली असते. त्याच्याकडून ती काढून घेणे अन्याय. म्हणून कंपनी एके काळी ज्याची चोरी झाली त्याला हुबेहूब दुसरी प्रत करून देत असे. खर्च शून्य. दोघांचेही नुकसान नाही. न्यायाचा इतका सोपा दावा जगात क्वचित सापडेल. पण तक्रार तिसऱ्याकडून आली, इतर संग्राहकांकडून: लाखात एकच्या दोन झाल्या, आमच्या वस्तूचा भाव उतरला. कंपनीने हे मान्य केले आणि पुढे प्रती देणे बंद केले.

कणादाच्या परंपरेत म्हणतात की दोन परमाणू सर्व गुणांनी सारखे असले तरी प्रत्येकात एक ‘विशेष’ असतो, ज्यामुळे हा तो नव्हे. या प्रतींतही तसा विशेष आहे: प्रत्येकीला स्वतःचा नोंदणी क्रमांक. रंग, बीजांक, झीज, सगळे दशांशापर्यंत सारखे. तो क्रमांक खेळताना कुणाला दिसत नाही, निळा मात्र दोघींचा दिसतो. मग गमावले काय? तिसऱ्याने जे गमावले ते बंदुकीत नव्हतेच. ते होते इतरांकडे ती नसण्यात. चोरी झालेल्याने बंदूक गमावली. तिसऱ्याने दुसऱ्याचे नसणे गमावले. या दोन नुकसानांना एका तराजूत घालणेच मला चुकीचे वाटते, मग काटा कुठेही झुको. अर्थात दुसरी बाजू पोकळ नाही: प्रत सहज मिळते म्हटल्यावर खोट्या चोऱ्या सुरू होतात, आणि ज्याने वर्षांची बचत त्या निळ्यात घातली त्यालाही घरदार असते. तरी जिथे परतफेडीला काहीच पडत नाही, तिथे ती नाकारण्याचे कारण दुर्मिळपणा असावे, हे मला पचत नाही.

जुलै २०२५ पासून सात दिवसांच्या आत देवघेव उलटी फिरवता येते. त्यात वस्तू मूळ मालकाकडे परत जाते, प्रत होत नाही, आणि या वेळी फटका बसतो मधल्या गिऱ्हाइकाला. पूर्वी निघालेल्या प्रती मात्र अजून फिरताहेत. त्यांना ‘डूप’ म्हणतात, आणि सौदा करण्याआधी खरेदीदार याद्या तपासून घेतात. डूप निघाली की भाव पाडून मागतात. मूळची असो की भरपाईची, दोन्हींचा.