चालतंय ना?

काकांची जीप जुनी आहे. महाडच्या बाजारातून सिटा भरायच्या, तळीयेकडच्या वाड्यांवर सोडायच्या, सकाळी परत आणायच्या. नऊ जणांच्या जागेत तेरा माणसं आणि मागे तांदळाचं पोतं. मागच्या पावसाळ्याआधी ती चढाला दम टाकायला लागली. सपाटीला ठीक, पण चढ लागला की झटके. दोनदा तर मधेच बंद पडली. काका उतरायचे, बॉनेट उघडायचे, फीड पंपावरचा छोटा हातपंप दाबून दाबून लाइनमधली हवा काढायचे आणि परत निघायचे. तोवर माणसं रस्त्याच्या कडेला उभी.

"काय झालं?"

"काय नाय, एअर घेतली."

गॅरेजवर मेस्त्रीने फिल्टरच्या आधीची काळी रबरी नळी काढली आणि तिथे पारदर्शक नळीचा हातभर तुकडा लावला. इंजिन सुरू केलं. डिझेलबरोबर बारीक बुडबुडे धावताना दिसले. टाकीखाली मात्र एक थेंबही नव्हता. मला हे आधी कळलंच नाही. पाइप फुटला तर डिझेल गळायला नको का? तर नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंत पंप डिझेल ओढत असतो. त्या भागात चीर पडली तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. खालून बघाल तर सगळं कोरडं. क्लिपपाशी रबर वाळून कडक झालेलं असतं, तेही वाकवल्याशिवाय कळत नाही.

सपाटीला इंजिन बंद पडलं तर फक्त वेळ जातो. भरल्या गाडीला चढावर पडलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच उरते. मग पेडल दगडासारखं होतं आणि मागे तेरा माणसांचं वजन असतं.

मेस्त्रीचं म्हणणं, पंप आणि टाकीपासूनच्या सगळ्या लाइनी एकदमच बदला. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं तेव्हा ही जीप बाजारात सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, गाडी चालू झाली, विषय संपला. पण डिझेलच्या पंपातल्या बारीक भागांना डिझेल हेच वंगण. त्यात पाणी शिरलं की आतले भाग घासतात, गंजतात. आणि जुन्या पाइपांमधला गंज नव्या पंपात गेला तर नवा पंपही वाया.

काका म्हणाले, "पंपाचं दिवाळीनंतर बघू. आता क्लिप आवळून दे. चालतंय ना?"

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. सुरुवातीलाच एक जहाजमालक येतो. जहाज जुनं, अनेकदा डागडुजी झालेलं. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार असतात. मालकाच्या मनात शंका येते, पण तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या वादळांतून आलंय, याही वेळी येईल. हळूहळू त्याला खरंच तसं वाटायला लागतं. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण समोरच्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

हा शेवटचा भाग मला सुरुवातीला जाच वाटला. काहीच झालं नाही तर दोष कसला? मग सावित्रीवरचा पूल आठवला. 1928 सालचा, दगडी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसट्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला ठीक वाटला होता, असं सरकारने तेव्हा सांगितलं. 1 ऑगस्टला पूल उभाच होता, वरून गाड्या जात होत्या. पण त्या एका दिवसाने तो सुरक्षित होता असं कुणी म्हणेल का?

क्लिफर्डचा मालक किनाऱ्यावर राहिला. काका स्वतः स्टिअरिंगवर असतात. हा फरक मोठा आहे, आणि काकांनी तो मला ऐकवलाही: "मी पण त्यातच बसतो ना?" खरं आहे. पण काकांना बुडबुडे दिसलेत. मागच्या तेरा जणांना फक्त "एअर घेतली" एवढंच सांगितलंय. स्वतःचा जीव धोक्यात घातला म्हणून दुसऱ्याचा घालायची परवानगी मिळत नाही.

तळीयेच्या रस्त्यावर हा विषय काढणं सोपं नाही. महाड बुडालं त्याच दिवशी डोंगर तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. नंतर बाहेरून येणारे विचारायचे, "डोंगराखाली राहिलेच कशाला?" जणू तीही 'चालतंय ना' म्हणणारी माणसं. मला हे पटत नाही. 2005 च्या जुलैत याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या होत्या, म्हणजे शंकेला जागा होती. पण डोंगराला पारदर्शक नळी लावून आत बघायची सोय वाडीतल्या माणसाकडे नव्हती, उठून जायला दुसरी जमीन नव्हती, आणि भाडं घेऊन तो कुणाला त्या उतारावर बसवत नव्हता. क्लिफर्डचा प्रश्न विचारायचाच तर ज्यांच्याकडे नकाशे, पैसा आणि अधिकार आहे त्यांना विचारावा.

मग काका कुठे बसतात? अधेमधे कुठेतरी. पंप आणि लाइनींचा खर्च म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची कमाई, वर गाडी उभी. क्लिफर्डच्या मालकालाही खर्चाचीच काळजी होती, पण त्याच्याकडे विमा होता. गरिबाला प्रत्येक शंका विकत घ्यावी लागते, आणि सगळ्या शंका घ्यायच्या तर जुनी गाडी रस्त्यावर येणारच नाही. मी मेस्त्रीला विचारलं, थांबायचं कुठे? तो म्हणाला, "न दिसलेल्याचं मी काय सांगू? पण हे दिसलंय."

शेवटी ठरलं की आधी फक्त लाइनी बदलायच्या. नवी नळी, नव्या क्लिपा, बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर. बुडबुडे थांबले. काका खूश झाले. मेस्त्री म्हणाला, "दादा, रिकामी घेऊन चढावर जाऊन या." गेलो. अर्ध्या चढावर तोच झटका.

पंप मागवला. चार दिवस जीप गॅरेजवर. फोन यायचे, "आज येताय का?" काका प्रत्येकाला सांगायचे की पंप गेलाय, भरून आणणं बरोबर नाही. असं त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असावं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाजारात उभे होतो. काकांची नेहमीची माणसं दुसऱ्या एका जीपमध्ये बसत होती, तीही तितकीच जुनी. काकांनी मोजली, सतरा. त्या ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, काहीतरी चार-पाच वेळा दाबलं आणि बंद केलं. काका त्याच्याकडे चालत गेले.