न धावलेल्या मोटारीची किंमत

आलापल्लीच्या माणसाला लिलाव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वनखात्याच्या डेपोत सागाचे लठ्ठे ओळीने मांडलेले असतात. प्रत्येकावर नंबर असतो, खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. दूरदूरचे व्यापारी येतात, गोलाई मोजतात, लठ्ठ्याच्या टोकाशी वाकून तो आतून पोकळ तर नाही ना, चीर कुठवर गेली आहे, हे न्याहाळतात. आताशा बोली पुष्कळदा संगणकावरून लागते. पण भाव कितीही चढो, त्यामागचा हिशेब साधा असतो. या लठ्ठ्यातून चौकटी किती निघतील, दारे किती होतील, वाया किती जाईल? लाकूड कोणाच्या तरी घरात उभे राहायचे आहे, म्हणून त्याला किंमत.

हा हिशेब जिथे उलटा होतो, असाही एक बाजार जगात आहे. तो जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा. मॅक्लारेन एफ-वन या जातीची, 1995 सालची एक मोटार ऑगस्ट 2021 मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे लिलावात निघाली आणि 2 कोटी 4 लाख 65 हजार डॉलरना गेली. आपल्या पैशांत सुमारे दीडशे कोटी रुपये. ही मोटार नवी मिळत होती तेव्हा तिची किंमत साडेपाच लाख पौंडांच्या आसपास होती. एवढा भाव येण्याचे मोठे कारण हे, की ती अवघी 242 मैल, म्हणजे 390 किलोमीटर धावलेली होती. याच जातीच्या एका मोटारीने 1998 मध्ये ताशी 240 मैलांचा वेग नोंदवला होता. म्हणजे आपल्या बहिणीने जे एका तासात तोडले असते, तेवढे अंतर तोडायला या मोटारीला सव्वीस वर्षे लागली! आलापल्लीहून नागपूरला जाऊन परत येणारी आपली एस.टी. एका खेपेत याहून अधिक पल्ला मारते.

मग प्रश्न असा पडतो, की धावण्यासाठी जन्मलेली वस्तू धावली नाही, एवढ्यासाठी तिला दीडशे कोटी द्यावेत काय?

‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येईल. परंतु हसण्यापूर्वी आपापल्या घरातल्या कपाटाकडे एकदा पाहावे. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेल्या कपबशा काचेआड बसलेल्या असतात आणि पाहुण्यांना चहा मात्र रोजच्याच कपांतून मिळतो. नव्या सोफ्यावरचे प्लॅस्टिक वर्षभर निघत नाही. चांदीचे ताट बँकेच्या लॉकरमध्ये आणि लक्ष्मीपूजन स्टीलच्या ताटात. दीडशे कोटींचा आणि दीडशे रुपयांचा फरक सोडला, तर वृत्ती एकच आहे. तेव्हा त्या मोटारवाल्याचा न्याय करताना आपणही त्याच पिंजऱ्यात उभे आहोत, हे विसरून चालायचे नाही.

प्रथम त्याची बाजू ऐकू. तो म्हणेल, “या जातीच्या मोटारी सगळ्या मिळून 106 झाल्या. काही शर्यतींत झिजल्या, काही आपटल्या, काहींचे भाग बदलले, काहींचा रंग नव्याने दिला. कारागिराच्या हातून ती निघाली तेव्हा नेमकी कशी होती, इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पातळ पत्रा कसा बसवला होता, हे पाहायचे झाले तर न वापरलेली मोटारच दाखवावी लागेल. बाकीच्या नकला झाल्या, ही मूळ प्रत आहे.” हे म्हणणे हलके नाही. वापराने वस्तू बिघडते, तसे शब्दही बिघडतात. ज्ञानेश्वरी घरोघरी उतरून घेतली गेली, तसे तिचे पाठ बिघडत गेले आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना बसून ती शुद्ध करावी लागली. त्या वेळी कोणी जपून ठेवलेली निर्दोष मूळ पोथी नाथांच्या हाती दिली असती, तर तिचे मोल कोणत्या नाण्यात केले असते?

मात्र पोथीचे आणि मोटारीचे एक बाबतीत जुळत नाही. पोथी वाचल्याने तिच्यातला अर्थ सरत नाही. या मोटारीची गोष्ट अशी, की मालकाने ती चालवली की प्रत्येक मैलागणिक तिचा भाव उतरतो. म्हणजे ज्याने एवढे पैसे मोजले, त्यालाच तिच्यात बसायची चोरी! तो मालक कसला, तो तर पुढच्या गिऱ्हाइकाने नेमलेला राखणदार. आणि राखणदाराला पगार मिळतो, इथे याने स्वतःच पैसे भरलेले.

शिवाय न वापरलेली वस्तू जशीच्या तशी राहते, हाही एक भ्रमच आहे. उभ्या मोटारीची बॅटरी उतरते, पेट्रोल शिळे होते, रबर कडक पडून त्याला चिरा जातात. माझ्या एका मावशीकडे पैठणी होती. मुलीच्या लग्नात नेसू म्हणून तिने ती ट्रंकेत ठेवली. मुलीच्या लग्नात घाईगर्दी होती. मग ‘नातवाच्या मुंजीत’ असे ठरले. पुढे मावशी गेली. मुलीने ट्रंक उघडली, पैठणी उलगडली, तर ती जिथे जिथे घडी होती तिथे तिथे चिरलेली. नेसून फाटली असती तर निदान चार मंगल कार्ये तरी तिने पाहिली असती. काळ वापरणाऱ्याचेही घेतो आणि जपणाऱ्याचेही घेतो. फरक एवढाच, की वापरणाऱ्याच्या हाती मोबदल्यात काही राहते.

आणि कधी कधी तर वापरानेच वस्तूचे मोल वाढते. 2002 मध्ये सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी मोटार दिली. पुढच्या वर्षी तिच्या आयात-जकातीच्या माफीवरून देशभर वाद झाला आणि शेवटी ती जकात कंपनीने भरली. 2011 मध्ये ती मोटार सुरतेला विकली गेली. तशा मोटारी जगात पुष्कळ आहेत. या मोटारीचे अप्रूप एवढ्यासाठी, की तिच्या चाकावर सचिनचे हात पडले होते. सचिनच्या बॅटचेही तसेच. चेंडूचे लाल डाग पडलेली बॅट कोणीही मागेल. डाग नसलेली दुकानातही मिळते.

एवढ्यावर निकाल देऊन टाकला असता. पण आमच्या गावाजवळची सहा हेक्टर जमीन मला तसे करू देत नाही. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना ‘वनवैभव’ नावाचा जंगलाचा एक तुकडा लागतो. ज्या मुलखात सागावर सतत कुऱ्हाड चालली, तिथे हा तुकडा मुद्दाम राखून ठेवला गेला. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. लाकडाच्या हिशेबाने पाहिले तर तिथे केवढी तरी रक्कम नुसती उभी आहे. ती मोटारही न वापरलेली, हे रानही न वापरलेले. मग एक वेडेपणा आणि दुसरे शहाणपण कसे?

एक कारण असे, की उभे झाड थांबलेले नसते. ते पाने गाळते, बी टाकते, पाखरांना घर देते; आपण त्याला हात लावत नाही, तेव्हाही ते आपले काम करीतच असते. मोटार चालवली नाही, तर ती आपले काम करीत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वनवैभव कोणाच्या कुलुपात नाही. शाळेतली पोरे तिथे जाऊन मान वर करून पाहू शकतात आणि आपला मुलूख पूर्वी कसा होता हे पुस्तकावाचून त्यांना कळते.

लिलावात मोजलेल्या पैशालाही हाच न्याय लावावा. 29 एप्रिल 2025 रोजी लंडनला सदबीच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारसाठी घेतली गेली. सुमारे 47 लाख 15 हजार रुपये पडले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. याच रघूजींच्या काळी, 1751 मध्ये, चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांच्या हाती गेले. तेव्हा आमच्याकडच्या माणसाला त्या तलवारीपुढे उभे राहताना अभिमानाबरोबर आणखीही काही आठवेल. आठवू द्यावे. वस्तू सर्वांसमोर असली, म्हणजे तिच्याविषयी सर्वांना बोलता येते. ती तलवारही आता कोणी चालवणार नाही. तरीही ते पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा. न धावलेली मोटार कोणी संग्रहालयात ठेवली, उद्याच्या कारागिरांना तिचे झाकण उघडून दाखवले, तर दीडशे कोटींतही ती महाग म्हणू नये. कोणी ती विकत घेऊन रस्त्यावर काढली, मैल वाढू दिले आणि भाव उतरताना हसला, तर त्याचेही पैसे वसूल झाले. पण जो ती अंधाऱ्या खोलीत पुढच्या लिलावाची वाट पाहत ठेवतो, त्याने मोटार घेतलेलीच नाही. त्याने चार चाके लावलेली ठेव-पावती घेतली आहे. त्या पावतीला पुढे नफाही होईल, ते गणित मी खोटे म्हणत नाही. मात्र त्या नफ्याला मोटारीचे मोल म्हणू नये.

हाच प्रश्न आपल्याही कपाटापुढे उभे राहून विचारावा. ठेवलेली वस्तू कोणासाठी ठेवली आहे, त्याचे नाव घेता आले तर ती खुशाल ठेवावी. नाव सुचत नसेल, तर या दिवाळीत ती बाहेर काढायला हरकत नाही.